विघानसमा

पहिल्या दिवशी त्याने माझ्यासमोर एक उत्तरपत्रिका ठेवली. कुठल्याशा क्लासच्या सराव परीक्षेतली, राज्यव्यवस्थेच्या पेपरची. दुसऱ्या पानावर एका शब्दाभोवती लाल गोल होता आणि समासात तपासनिसाने लिहिलं होतं, 'हे काय आहे?' मी वाचलं. विघानसमा. पुन्हा वाचलं, तरी विघानसमाच. त्याने लिहिलं होतं विधानसभा.

हे प्रकरण त्याच्या परवानगीने लिहिते आहे. गाव, वय आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत. वय अठ्ठाविशीच्या आसपास धरा, गाव मराठवाड्यातलं. स्पर्धा परीक्षेसाठी २०१९ पासून पुण्यात. नव्या पेठेत कॉट बेसिसवर राहणं, गांजवे चौकाजवळच्या अभ्यासिकेत बारा तास, जेवायला मेस. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे लिहिण्यासारखी रोजची कामं करताना येणाऱ्या अडचणींवर उपचार करते. सदाशिव पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत येतात ती बहुतेक शाळकरी मुलं, आईचं बोट धरून. दाढी वाढलेला उमेदवार 'मॅडम, माझं अक्षर बघता का' म्हणत आला तेव्हा मला वाटलं, भावाच्या नाहीतर पुतण्याच्या अक्षराबद्दल विचारतोय.

तो लेखी परीक्षेला का घाबरतो हे कळायला थोडी मागची गोष्ट हवी. राज्यसेवेची मुख्य परीक्षा जुन्या पद्धतीत सहा पेपरांची आणि ८०० गुणांची होती. त्यात हाताने लिहायचा पेपर एकच, मराठी-इंग्रजीचा, १०० गुणांचा. बाकी सगळे बहुपर्यायी, म्हणजे गोल काळे करायचे. त्याने या परीक्षेची वाट धरली त्यामागे हेच मोठं कारण होतं, असं त्याने तिसऱ्या भेटीत कबूल केलं. 'गोल काळा करायला अक्षर लागत नाही ना मॅडम.' जुन्या पद्धतीत तो दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला. दोन्ही वेळा त्याला मागे ओढलं ते त्या एकाच लेखी पेपराने.

मग पद्धत बदलली. नव्या परीक्षेत नऊ पेपर, सगळे वर्णनात्मक. भाषेचे दोन फक्त पात्रतेपुरते, उरलेल्या सात पेपरांचे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले. मागणी होती की नवी पद्धत लगेच नको, २०२५ पासून लागू करा. फेब्रुवारीत महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने ते मान्य केलं. हाही त्या आंदोलनात बसला होता. बाकीचे पुस्तकं, नोट्स, वाया जाणारी वर्षं यांबद्दल बोलत होते. याला दोन वर्षं हवी होती ती हातासाठी. हे त्याने तिथे कोणालाच सांगितलं नाही.

सराव परीक्षा होतात त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या धर्तीवर: तीन तासांत वीस प्रश्न, दहांची उत्तरं १५० शब्दांत आणि दहांची २५० शब्दांत. एकूण ४००० शब्द, १८० मिनिटं. मिनिटाला बावीस शब्द, तेही विचार करायला एक क्षण न थांबता.

मी नेहमी करते ती पहिली चाचणी साधी असते. वीस मिनिटं स्वतःच्या मनाने लिहायचं, विषय कुठलाही. दर पाच मिनिटांनी मी समासात खूण करते. त्याने २६० शब्द लिहिले. पहिल्या पाच मिनिटांत ८०, शेवटच्या पाचांत ४८. मग तो कागद त्याला कधीही न भेटलेल्या माणसाला वाचायला द्यायचा. आमच्या वाड्याच्या जागी आता इमारत आहे, पण शेजारी तेच आहेत. त्यातल्या एका निवृत्त बाई वर्षानुवर्षं बोर्डाचे पेपर तपासायच्या. त्यांनी चष्मा पुसून घेतला आणि न लागलेल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. ६४ शब्द. खाली स्वतःहून एक शेराही दिला: 'मुलगा हुशार वाटतो.'

तो शेरा मी त्याला वाचून दाखवला. त्याला तो नवा नव्हता. हुशार आहे पण अक्षर नाही, हे तो पहिलीपासून ऐकत आलेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर त्याची वही वर्गात उंच धरून दाखवायचे, 'कोंबडी नाचली बघा पानावर.' शिक्षा म्हणजे शंभर वेळा लिहिणं. शंभराव्या ओळीपर्यंत हात दुखून अक्षर आणखी बिघडायचं आणि त्याबद्दल पुन्हा शिक्षा. वडील म्हणायचे, पोराच्या हाताला वळण नाही. या शब्दापाशी मला नेहमी अडायला होतं. अक्षराचं वळण आणि माणसाचं वळण यांना मराठीत एकच शब्द आहे. अक्षर वळणदार नसलं की पोराला वळण लावलेलं नाही, असं आपण मनातल्या मनात पुढचं वाक्य पुरं करतो. त्याच्या शाळेच्या भिंतीवर गांधीजींचं वचन रंगवलेलं होतं, वाईट अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचं लक्षण. गांधीजींनी हे लिहिलं ते स्वतःच्या अक्षराची लाज वाटून, आणि त्याच ओघात असंही म्हटलं की मुलांना लिहिण्याआधी चित्र काढायला शिकवावं. ते दुसरं कुठल्याच भिंतीवर मी पाहिलेलं नाही.

सातवीत त्याला तालुक्याच्या गावी एकवीस दिवसांच्या अक्षर सुधार वर्गाला घातलं होतं. एकविसाव्या दिवशी अक्षर छापल्यासारखं झालं. शाळा सुरू झाली, फळ्यावरचं भराभर उतरवून घ्यायची वेळ आली आणि आठवड्यात सगळं पूर्वपदावर. घरच्यांनी निष्कर्ष काढला: मनात आणलं तर येतं, म्हणजे एरवी आळशीपणा करतो. असा निष्कर्ष काढणारे आईबाप मी शेकड्याने पाहिलेत. सावकाश लिहिताना माणूस प्रत्येक अक्षर चित्रासारखं काढतो. घाईत लिहिताना डोकं मजकुरात असतं आणि हात आपल्या सवयीने चालतो. एकवीस दिवसांत चित्रं सुधारली होती. सवयीला कोणी हात लावला नव्हता.

हे सगळं माहीत असूनही मी पहिले दोन आठवडे तीच चूक केली, हे लिहायलाच हवं. मी त्याला दुरेघी वही आणायला लावली आणि पुस्ती दिली. मोठा माणूस आहे, मन लावून गिरवेल, असं वाटलं. त्याने गिरवलीही. चौदा दिवसांनी पुन्हा वीस मिनिटांची चाचणी घेतली तर शब्द २६० चे २४० झाले होते आणि न लागणारे जवळपास तेवढेच. वर मनगट दुखतं म्हणाला.

ते दुखणं दाखवताना त्याने सहज डाव्या हाताने उजवा अंगठा मागे वाकवला. अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला जाऊन टेकला. मी म्हटलं, पुन्हा कर. तो हसला. 'हे तर मी शाळेत सगळ्यांना करून दाखवायचो मॅडम. एका पोराने याच्यावर पाच रुपये लावले होते.' करंगळी मागे नव्वद अंशांच्या पुढे गेली. कोपरही सरळ रेषेच्या पलीकडे वाकत होतं. सांध्यांचा सैलपणा मोजायची नऊ गुणांची एक पद्धत आहे. मोठ्या माणसाला पाच किंवा जास्त गुण मिळाले तर सांधे सैल मानतात. याचे सहा भरले. म्हणजे ज्या करामतीवर त्याने पाच रुपये जिंकले, तीच वीस वर्षं त्याच्या वहीत दिसत होती आणि कोणी तिचा वहीशी संबंध लावला नव्हता. दोन आठवडे मीही नाही.

सैल सांध्यांच्या बोटांत पेन स्थिर राहत नाही. प्रत्येक वळणावर बोटाचं शेवटचं पेर आत दुमडतं. मग हात स्वतःच उपाय शोधतो: पेन मुठीत आवळायचं, अंगठा बोटांवरून गुंडाळायचा, कागदावर जोर द्यायचा. त्याच्या बाबतीत मला आणखी एक संशय आहे, सिद्ध करता येणार नाही असा. पहिली-दुसरीत तो पाटीवर लिहायचा आणि त्याच्या वाट्याला पेन्सिलींचे तुकडे यायचे, करंगळीच्या पेराएवढे. तेवढा तुकडा धरायचा तर अंगठा वरून आणावाच लागतो आणि पाटीवर दाबल्याशिवाय उमटत नाही. पाटी गेली, वही आली, पकड तीच राहिली.

जोर किती आहे हे बघायला मी कागदांमध्ये कार्बन घालून लिहायला देते. त्याच्या लिहिण्याची पाचवी प्रतसुद्धा स्पष्ट निघाली. पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत होती. इतका जोर लावून माणूस दहा मिनिटांत थकणारच. शेवटच्या पाच मिनिटांतले ४८ शब्द इथून आले होते. एकदा मेंदूविकारतज्ज्ञांनाही दाखवायला लावलं, कारण लिहितानाच हात आखडण्याचा एक वेगळा विकार असतो. तसं काही निघालं नाही. वाचन, शुद्धलेखन, मांडणी यांत अडचण नव्हती, त्यामुळे लेखनातल्या अध्ययन अक्षमतेचाही प्रश्न मिटला.

तरी लेखनिकाचा विषय मी काढलाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चाळीस टक्क्यांची जी रेघ आहे, तिच्या आत न बसणाऱ्या पण लिहायला खरोखर अडचण असलेल्या उमेदवारालाही लेखनिक मिळू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये म्हटलं. तो खटला लिहिताना हात आखडणाऱ्या एका नागरी सेवेच्या उमेदवाराचाच होता. पुढच्या वर्षी केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. याला ते लागू होईल का हे ठरवणारी मी नव्हे, पण अर्ज करून बघायला काय हरकत होती? तो नाही म्हणाला. आधी म्हणाला, मुद्दे मला लिहिता लिहिता सुचतात, बोलून सुचत नाहीत. नंतर खरं बोलला: 'गावात कळलं तर म्हणतील, साहेब व्हायला निघालाय आणि लिहायला माणूस लागतो.' मला त्याचा नकार तेव्हाही पटला नाही आणि आजही पटलेला नाही. पण हात त्याचा, परीक्षा त्याची.

मग पकड. जुनी पकड सुधारण्यापेक्षा नवी शिकवणं सोपं, कारण नव्या पकडीला जुनी सवय चिकटलेली नसते. पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यातून बाहेर काढायचं, अंगठा नुसता टेकवायचा. पेनचा भार बेचकीवर जातो आणि सैल सांध्यांना ते आवळून धरावं लागत नाही. दिसायला विचित्र दिसतं. पहिल्या आठवड्यात त्याने अभ्यासिकेत तसं लिहायचं टाळलं, शेजारचे बघतात म्हणून. अप्पा बळवंत चौकात जाऊन आम्ही पेनं घेतली. दुकानदाराने आठ-दहा पेनं काढून ठेवली आणि हा प्रत्येकाने विधानसभा लिहून बघत होता. बॉलपेन बाद केलं, ते दाबावं लागतं. जरा जाड अंगाचं जेल पेन ठरलं, नुसतं टेकवलं की शाई उतरणारं.

एका संध्याकाळी मी त्याची अभ्यासिका बघायला गेले. हे मी सहसा करत नाही, पण बरं झालं गेले. दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या फळ्या, मधे जेमतेम दोन फुटांचं टेबल, त्यावर पुस्तकांची थप्पी, पाण्याची बाटली, चार्जर. वहीला उरलेली जागा टेबलाच्या काठावर. त्याचं कोपर हवेत होतं आणि फळीला लागू नये म्हणून अंगाशी आवळलेलं. असं बसून बारा तास कोणी लिहिलं तर चांगलं अक्षरही बिघडेल. मालकांशी बोलून त्याने कोपऱ्यातली जागा मिळवली, जिथे उजवीकडे खिडकीचा कट्टा आहे. कोपर कट्ट्यावर टेकलं. पुस्तकं पायाशी गेली.

आता अक्षरांकडे. बाईंनी रेघ मारलेले ६४ शब्द मी एकेक करून तपासले. ४१ शब्दांचा दोष एकच होता: वेळ वाचवायला तो शिरोरेषा देत नव्हता. मराठीत असं लिहिणारे खूप आहेत आणि त्यांचं वाचताही येतं, म्हणून यात काही बिघडतं असं त्याला वाटलं नव्हतं. पण ध आणि घ, भ आणि म, थ आणि य या जोड्यांत फरक करते ती डावीकडची छोटी गाठ आणि तिथे तुटलेली रेघ. रेघच नसेल तर सगळा भार त्या गाठीवर येतो, आणि जोर लावून घाईने लिहिणारा हात गाठ पहिल्यांदा सोडतो. विधानसभामध्ये ध आणि भ दोन्ही आहेत, म्हणून तो शब्द दोनदा मेला. त्याच्या पानांवर लोकसमा होती, धटनादुरुस्ती होती, मूकंप होता. वर शब्दांमधली मोकळी जागाही शिरोरेषेशिवाय कळत नव्हती, त्यामुळे दोन शब्द एकमेकांत शिरत होते. १२ शब्दांत मात्रा आणि अनुस्वार पुढच्या अक्षरावर सरकलेले. बाकीचे ११ किरकोळ.

म्हणजे अख्खी वर्णमाला गिरवायची गरजच नव्हती. आठ अक्षरं आणि एक रेघ. शब्द लिहून झाला की एका फटक्यात शिरोरेषा, ध-भ-थ आले की तिथे तोडायची. मधे मला एक कल्पना सुचली होती. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून अक्षरं तिला टांगत जायची पद्धत होती, तसं करून बघू म्हटलं. वेग वाढला, पण शब्द एकमेकांना चिकटले. मोडी लिहिणारे शब्द तोडत नसतच, ते वाचणाऱ्याने तोडून घ्यायचे. इथून हाकेच्या अंतरावर भारत इतिहास संशोधक मंडळात बसून अशी पानं वाचणारे लोक आहेत, पण त्यांच्यासमोर तीन दिवसांत हजार उत्तरपत्रिका संपवायची सक्ती नसते. ती कल्पना चार दिवसांत सोडली.

आकार मात्र मोठा करायला लावला. तो मुंगीएवढं लिहायचा, चूक झाकली जाते म्हणून. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनावर आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेलं म्हातारपणी उपयोगाचं नाही आणि पानाला भोवती जागा सोडावी, असं समर्थांनी त्यात सांगितलंय. मी त्याला ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, तपासणारे सर म्हातारे असतात हे समर्थांना माहीत होतं.

चौदा आठवडे गेले. रोज वीस मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही, कारण जास्त केलं की जुनी पकड परत येई. सहाव्या आठवड्यात वेग आधीपेक्षाही कमी झाला आणि त्याने यायचं बंद केलं. फोन उचलला नाही. दहा दिवसांनी आला, खजील होऊन, जुन्या पकडीने एक सराव पेपर देऊन. त्या पेपरला तपासनिसाने गुणच दिले नव्हते, नुसतं 'वाचता येत नाही' लिहिलं होतं. मी काही बोलले नाही. नवं पेन पुढे केलं.

शेवटच्या चाचणीत वीस मिनिटांत ३७० शब्द झाले. बाईंना ११ लागले नाहीत. कार्बनची दुसरी प्रत फिकट आली, तिसरी कोरी. अक्षर सुंदर झालेलं नाही. कोणी त्याच्याकडून लग्नपत्रिकेवर पत्ते लिहून घेणार नाही. आणि हिशोबही अजून जुळत नाही: मिनिटाला साडेअठरा शब्द म्हणजे तीन तासांत ३३३०, तेही न थांबता. यावर तो स्वतःच बोलला, की १५० शब्दांच्या प्रश्नाला ११० शब्दांत नेमकं उत्तर द्यायचा सराव करतोय. ते माझ्या कामात मोडत नाही, पण ऐकून बरं वाटलं. दिवसाला दोन पेपर आले की दुसऱ्यात अंगठा दुखतो, हे मात्र अजून सुटलेलं नाही. त्यासाठी अंगठ्याला पट्टी बांधून बघतो आहोत.

गेल्या आठवड्यात रात्री अकराला त्याचा मेसेज आला. सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचा फोटो. विधान परिषद स्थापन किंवा रद्द करण्याच्या तरतुदीवर प्रश्न होता. याने अनुच्छेद १७१ लिहिला होता. तपासनिसाने लाल शाईने तो खोडून वर लिहिलं होतं, '१६९. नीट वाचा.' खाली त्याचा संदेश: 'मॅडम, चूक काढली. मुद्द्यात काढली.' आणि ओळीने चार हसरे चेहरे.

मी फोटो मोठा करून पाहिला. शेवटच्या चार ओळींवर शिरोरेषा नव्हती. लिहिलं, 'उद्या साडेसातला ये. पट्टी घेऊन.'